पाणंद, घाट आणि हायवे: स्कॉर्पिओला आता कुठले टायर घालावेत?

फुलेवाडी_नाका
नमस्कार मंडळी. पावसाळ्याच्या आत टायर बदलायचे आहेत, त्यासाठी हा धागा. गाडी स्कॉर्पिओ एस११, २०१९ ची, मागच्या चाकांवर चालणारी. साईज २३५/६५ आर१७. कंपनीतून आलेले टायर अजून चालू आहेत, पण पुढचे दोन गोटा व्हायच्या बेतात आलेत.

वापर असा: रोज फुलेवाडी ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी. सुट्टीला गावी, गगनबावड्याच्या अलीकडं. डांबरी सोडली की घरापर्यंत पाणंद आहे, तांबडी माती आणि मधेमधे जांभ्याचे दगड वर आलेले. सासुरवाडी शिरोळ तालुक्यात, मळा काळ्या रानात. आणि अधूनमधून करूळ घाट उतरून वैभववाडी, कणकवली.

एका दुकानात म्हणाले एमटी (मड टेरेन, चिखलाचे मोठ्या दातांचे) टाका, गाडी उठून दिसते. दुसऱ्यानं सांगितलं एचटीच (हायवे टेरेन, डांबरी रस्त्याचे) घ्या, बाकी सगळा खर्च वाया. मित्र म्हणतो साईजच मोठा कर. गाडीत आई, बायको, पोरं असतात. दिसण्याचं मला काही नाही, पावसात गाडी धरून चालली पाहिजे आणि पाणंदीत अडकायला नको. जाणकारांनी सांगावं.

थार_पन्हाळा
दादा, सरळ एमटी घ्या. माझ्या थारला आहेत. बर्की, मानोलीकडच्या जंगलातल्या वाटांवर एचटीवाले मागं फिरतात, मी वर जातो. मोठे दात, जाड सायडवॉल, दगडाला भीत नाही. तुमच्या तांबड्या चिखलाला एमटीसारखं दुसरं काही नाही.

उद्यमनगर_वर्कशॉप
नवे टायर ठरवायच्या आधी जुने वाचा. चारही चाकांवर आडवा हात फिरवून सांगा, कुठल्या कडेला जास्त झिजलेत? आतली कड खाल्ली असेल तर अलाइनमेंट (चाकांची दिशा) गेलंय, नाहीतर चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याची, म्हणजे लोअर आर्मची रबरी बुशं किंवा बॉल जॉइंट सैल झालेत. दोन्ही कडा झिजून मधला भाग उंच राहिला असेल तर हवा कायम कमी होती. मधला पट्टाच गेला असेल तर हवा जास्त होती. आणि हात फिरवताना लाटा लागत असतील, एक ठोकळा वर एक खाली, तर शॉकॲब्सॉर्बर बघा.

हे न बघता नवे टायर चढवले की वर्षभरात तेच टायर तशाच झिजेनं माझ्यासमोर येतात. लोक टायरच्या कंपनीला शिव्या देतात, दुखणं खाली असतं.

जनावरांची_डॉक्टर
मी गगनबावडा आणि शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांवर जनावरं तपासायला जाते. बोलेरो आहे, तीही मागच्या चाकांवर चालणारी. तुमचा रस्ता म्हणजे माझा रोजचा रस्ता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडं टायर चिखलानं मरत नाही, जांभ्यानं मरतो. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, पण वर उघडा पडून वाळला की त्याच्या कडा खरखरीत, धारदार होतात. पाणंदीत पावसानं माती वाहून गेली की हे दगड बोटभर बाहेर येतात आणि नेमके चाकोरीच्या कडेला. चाक चाकोरीत उतरलं की टायरचा तळ त्या दगडावर येत नाही, बगल घासते. तळाला खिळा गेला तर पंक्चर काढता येतं, बगल फाटली की टायर गेलाच. तिथं पॅच धरत नाही, कारण चालताना बगल सतत वाकत असते. कुणी पॅच मारून देतो म्हणाला तरी त्या टायरवर घाट उतरू नये.

एचटी टायरची बगल गुळगुळीत आणि बहुधा पातळ असते. चांगल्या एटी (ऑल टेरेन, दोन्हींच्या मधला) टायरच्या खांद्यावर, म्हणजे तळ आणि बगल मिळतात तिथं, ठोकळे बगलेवर उतरलेले असतात, दगड आधी त्यांना लागतो. दुकानात टायर उभा करून खांद्यावरून बोट खाली न्या, ठोकळे कुठं संपतात ते बघा. मी याच एका गोष्टीवर टायर निवडते.

पण एमटी घेऊ नका. तुमच्या गाडीत आई बसते आणि करूळ घाट उतरताना रस्ता ओला असतो.

थार_पन्हाळा
ताई, ओल्या रस्त्यावर एमटीला काय होतं? मोठ्या खाचा आहेत, पाणी जास्त निघेल ना?

जनावरांची_डॉक्टर
साचलेलं पाणी निघतं, खरं आहे. पण रस्ता नुसता ओला असतो तेव्हा काम वेगळं. डांबराला रबर किती चिकटतं ते बघावं लागतं. एमटीचे ठोकळे मोठे आणि लांब लांब, त्यामुळं जमिनीला टेकणारं रबरच कमी. ठोकळ्यांवर बारीक चिरा नसतात किंवा अगदी मोजक्या असतात. त्या चिराच पाण्याचा पातळ थर फोडून रबर डांबराला भिडवतात. शिवाय एमटीचं रबर दगडाला टिकावं म्हणून कडक ठेवलेलं असतं. ब्रेक मारल्यावर गाडी उशिरा थांबते आणि वळणावर ठोकळे वाकून गाडी डुलते. थार रोज जंगलात जात असेल तर तुमचा हिशोब बरोबर आहे. यांची गाडी रोज एमआयडीसीत जाते.

शिरोळचा_मळा
काळ्या रानाचं मी सांगतो, आमची सगळी हयात त्यात गेली. पावण्यांनो, काळ्या मातीला कुठलाच टायर पुरा पडत नाही. ही माती पाणी पिऊन फुगते. पहिल्या दोन फेऱ्यांतच टायरच्या खाचा गच्च भरतात आणि एटी असो नाहीतर एचटी, चाकाचा गुळगुळीत काळा लाडू होतो. पुढं चाक जागेवर फिरतं आणि गाडी बसते. मोठ्या खाचांचा एमटी थोडी माती फेकतो, पण त्यालाही वेग लागतो. पाणंदीत वेग कुठं घेणार, दोन्ही बाजूला ऊस.

ट्रॅक्टर जातो कारण त्याच्या दातांमधली जागाच हातभर आणि चाक उंच. तरी ऊस हंगामात अवकाळी पडला की भरलेल्या ट्रॉलीला दोन-दोन ट्रॅक्टर लावावे लागतात, हे नदीकाठच्या गावात कुणालाही विचारा.

म्हणून काळ्या रानासाठी टायर निवडू नका. पाऊस झाला की गाडी डांबरीवर लावायची आणि मळ्यात पायी किंवा ट्रॅक्टरनं जायचं. दोन दिवस ऊन पडलं की तीच पाणंद तुमच्या आत्ताच्या टायरवर पण जाईल. दुसरं, जायचंच झालं तर रुंद टायरपेक्षा अरुंद बरा. अरुंद टायर वरचा रेंदा कापून खालच्या कठीण थराला लागतो, रुंद टायर वरच तरंगतो. साईज मोठा करायच्या आधी एवढं ध्यानात घ्या.

फुलेवाडी_नाका
सगळ्यांचे आभार. आज टायर नीट बघितले. पुढच्या दोन्हींची आतली कड जास्त झिजलीय, डावीकडं जरा जास्तच. मागचे बऱ्यापैकी सारखे. मागच्या टायरच्या बगलेला बारीक भेगा दिसतात, मातीच्या भांड्याला पडतात तशा.

एक मनात येतंय. मागचे दोन अजून वर्षभर ओढता येतील का? फक्त पुढचे बदलून?

डेपो_निवृत्त
एसटीच्या टायर विभागात नोकरी झाली, म्हणून बोलतो.

मागच्या टायरवर बगलेला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, ते वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१९ ची असेल तर टायर त्याच सुमाराचे असणार. रबर वापरलं नाही तरी ऊन-वाऱ्यानं कडक होतं. पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासून घ्यावा लागतो आणि भेगा दिसायला लागल्या की खाच कितीही खोल असू दे, बदलायचा. तुमच्या मागच्या टायरांचं आयुष्य संपलंय. चारही बदला.

दोनच बदलायची वेळ कुणावर आली तर नवे टायर मागं घालायचे, पुढं नाही. पुष्कळांना हे उलटं वाटतं, कारण स्टिअरिंग पुढं आहे. पण ओल्या वळणावर पुढची चाकं सुटली तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की पुन्हा हातात येते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. तुमची गाडी मागून ओढणारी, उंच आणि मागं हलकी, म्हणजे धोका आणखी जास्त.

खाचेचं माप. प्रत्येक टायरच्या खाचेत आडवी उंचवट्याची पट्टी असते, बगलेवर टीडब्ल्यूआय किंवा बाण असतो त्या रेषेत. ती पट्टी १.६ मिलिमीटर उंच. ठोकळे झिजून त्या पट्टीला आले की टायर कायद्यानं बाद. आपल्या पावसात तिथपर्यंत थांबायचं नाही, ३ मिलिमीटर राहिले की ओल्या रस्त्यावरची पकड झपाट्यानं कमी होते.

आणि रिमोल्ड (जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला) कुणी सुचवला तर हात जोडा. बसच्या मागच्या जोडचाकांना तो चालतो, नीट केलेला असेल तर चांगला चालतो. पुढच्या चाकांना आम्ही घालत नव्हतो. तुमच्या गाडीला मागं जोडचाक नाही, एक फुटला तर शेजारी दुसरा भार घ्यायला नसतो.

मास्तर_गणिताचे
साईज वाढवायचा विषय आला म्हणून हिशोब मांडतो.

२३५/६५ आर१७ चा अर्थ: रुंदी २३५ मिलिमीटर, बगलेची उंची रुंदीच्या ६५ टक्के म्हणजे १५२.७५ मिलिमीटर, डिस्क (रिम) १७ इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर. पूर्ण व्यास ७३७.३.
२४५/६५ आर१७ घातला तर व्यास ७५०.३. फरक पावणेदोन टक्के. मीटरवर १०० दिसेल तेव्हा खरा वेग १०२ च्या आसपास. गाडीची उंची वाढणार फक्त साडेसहा मिलिमीटर, कारण व्यास वाढला तरी जमिनीपासून निम्माच फरक मिळतो.
२५५/६५ आर१७ घातला तर व्यास ७६३.३, साडेतीन टक्के जास्त. उंची वाढली १३ मिलिमीटर, म्हणजे करंगळीएवढी. त्यासाठी चाक फेंडरच्या आतल्या कव्हरला घासणं, जड स्टिअरिंग, पिकअप मंद होणं, ब्रेकवर जास्त ताण, हे सगळं पदरात घ्यायचं.

पाणंदीतला दगड करंगळीच्या फरकानं चुकत नाही. तो बघून चाक त्याच्यावर घालायचं, डिफरन्शिअलखाली (मागच्या दोन चाकांमधल्या लोंबत्या गोळ्याखाली) घ्यायचा नाही.

कंपनीनं तुमच्या मॉडेलला जो साईज दिलाय तोच ठेवा. त्यापेक्षा मोठा घातला आणि अपघात झाला तर विम्याचा दावा करताना प्रश्न निघू शकतात, तो ताप वेगळाच.

साईजच्या पुढचा आकडाही वाचा. १०४ म्हणजे एका टायरवर ९०० किलो, १०८ म्हणजे १००० किलो. पुढचं अक्षर वेगाचं: एस १८०, टी १९०, एच २१०. जुन्या टायरवर जो भाराचा आकडा आहे त्यापेक्षा कमी कधीही घेऊ नका. काही दुकानांत त्याच साईजचा हलक्या गाडीचा टायर कमी भावात देतात. पाच माणसं, तांदळाची पोती आणि टपावर फणस अशी गाडी गावाहून परत येते, तेव्हा हा आकडा उपयोगाला येतो.

थार_पन्हाळा
मास्तर, हिशोब पटला. ताईंचं पण पटलं. मी माझ्या वापराचं सांगत होतो, महिन्यातले बरेच दिवस माझी थार जंगलातच असते. यांना एमटी नको हे मान्य. पण मग एटीमध्ये नेमका कुठला? त्यातही आकाशपाताळाचा फरक आहे.

उद्यमनगर_वर्कशॉप
बरोबर मुद्दा. एटी हा शब्द सगळे वापरतात. काही एटी म्हणजे एचटीलाच खांद्यावर जरा दात काढलेले, काही जवळजवळ एमटी. दादांना पहिल्या प्रकाराच्या जरा पुढचा, मधला पाहिजे. माझ्याकडं येणाऱ्या गाड्यांवर अपोलो ॲप्टेरा एटी२, सिएट क्रॉसड्राइव्ह एटी, जेके रेंजर एटी, एमआरएफ वाँडररचे प्रकार, योकोहामा जिओलँडर एटी आणि मिशेलिन एलटीएक्स फोर्स हे जास्त दिसतात. बीएफ गुडरिचचा केओ२ बगलेला फार मजबूत, पण जड आणि महाग. रोजच्या एमआयडीसीच्या फेऱ्यांना मी तो सुचवणार नाही.

प्रत्येक मॉडेल प्रत्येक साईजमध्ये येत नाही. म्हणून नाव ठरवून दुकानात जाऊ नका, २३५/६५ आर१७ मध्ये आत्ता काय आहे ते विचारा आणि त्यातून तीन गोष्टी बघून निवडा. खांद्याचे ठोकळे ताईंनी सांगितल्यासारखे खाली उतरलेत का. मधल्या ठोकळ्यांवर बारीक चिरा भरपूर आहेत का, ओल्या घाटासाठी त्या लागतात. आणि बनावटीचा आठवडा ताजा आहे का. दुकानाच्या माळ्यावर दोन वर्षं पडलेला टायर सवलतीत मिळाला तर ती सवलत रबराच्या आयुष्यातून गेलेली असते.

टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आलाय. भाव विचारताना पक्कं बिल मागा. पुढं वॉरंटीचा प्रश्न आला तर बिलाशिवाय कुणी दारात उभं करत नाही.

एटीचा तोटा पण सांगतो. हायवेला ८० च्या पुढं घूं असा आवाज येतो, टायर झिजत जाईल तसा वाढतो. ॲव्हरेज थोडं पडतं. दर ८-१० हजार किलोमीटरला पुढचे मागं, मागचे पुढं केले तर आवाज आटोक्यात राहतो.

शिरोळचा_मळा
आवाजाचं काय एवढं. पाणंदीत टायर फुटल्यावर जो आवाज निघतो तो ऐकलाय का?

एमआयडीसी_शिफ्टवाला
मी उलट बाजूनं बोलतो. मीपण फुलेवाडी भागातलाच, गाडी वेगळी, पण एचटीवर गगनबावडा, भुईबावडा सगळं फिरतो. सावकाश चालवलं तर काही होत नाही. पाणंद किती अंतर, हायवे किती? शंभरातले नव्वद किलोमीटर डांबरी आणि काँक्रीट असेल तर नव्वदासाठी टायर घ्यावा, दहासाठी नाही.

जनावरांची_डॉक्टर
तुमचं गणित शहरातल्या गाडीला बरोबर आहे. फक्त किलोमीटर मोजून चालत नाही, तिथं अडकलो तर काय होतं हेही मोजावं लागतं. शिरोलीत टायर फाटला तर हाकेच्या अंतरावर दुकान आहे. गगनबावड्याच्या पाणंदीत जुलैच्या संध्याकाळी बगल फाटली तर जॅक लावायला कठीण जमीन मिळत नाही, धुकं उतरलेलं असतं आणि मोबाईलला रेंज नसते. मी गाडीत जॅकखाली घालायला जाड फळी ठेवते ती यासाठीच. पाणंदीला कमी मार्क द्या, पण शून्य देऊ नका. म्हणून एचटीही नाही आणि एमटीही नाही, मधला एटी.

एमआयडीसी_शिफ्टवाला
फळीचं मस्त सांगितलंत, मीपण ठेवतो आता.

डेपो_निवृत्त
हवेचं कुणी बोललं नाही. दारातल्या खांबावर स्टिकर असतं, रिकाम्या गाडीचा आकडा वेगळा आणि भरलेल्याचा वेगळा. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजायची. गाडी चालून तापली की दाब आपोआप चढतो. तेव्हा मोजून जास्त दिसली म्हणून काढली, तर सकाळी टायर बसलेला.

पाणंदीत चिखल लागला तर चार-सहा पौंड हवा कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते. पण दगड असतील तिथं जास्त कमी करू नका, बगल बाहेर फुगते आणि जांभ्याला आयती मिळते. आणि डांबरीवर आल्या आल्या परत भरायची. लायटरवर चालणारा छोटा कंप्रेसर मिळतो, तो गाडीत नसेल तर हवा काढूच नका. कमी हवेत हायवे पकडला की टायर आतून तापतो आणि फुटतो.

गगनबावडा_एसटी_स्टँड
एक स्थानिक म्हणून विनंती. पावसात मांडुकलीजवळ कुंभी नदीचं पाणी रस्त्यावर येतं, तेव्हा नव्या टायरच्या भरवशावर कुणी गाडी घालू नका. पाण्यात टायरची पकड राहत नाही, कारण गाडी उचलली जाते. दोन फूट वाहत्या पाण्यात स्कॉर्पिओसारखी गाडीसुद्धा वाहून जाते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात हायवेच शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता, तिथं भलेमोठे ट्रक रांगेत उभे होते ते उगाच नाही. बॅरिकेड दिसलं की मागं फिरा, गावात कुणाच्याही दारात गाडी लावा, चहा मिळेल.

फुलेवाडी_नाका
काम झालं, कळवतो. आधी उद्यमनगरात गाडी वर उचलून बघितली. डाव्या लोअर आर्मचं बुश फाटलेलंच निघालं, आतली कड त्यानंच खाल्ली होती. दोन्ही बाजूची बुशं बदलली. मग मूळ साईजचेच चार एटी घेतले, भाराचा आकडा जुन्याइतकाच, चारही एकाच महिन्यातले. अलाइनमेंट, बॅलन्सिंग करून परवा पावसातच करूळ उतरून आलो. वळणावर गाडी बसून जाते, आईनं पहिल्यांदाच हँडल धरलं नाही. हायवेला आवाज येतो, पण सांगितला होता तेवढाच.

शेवटचा प्रश्न. जुन्यातला बरा टायर स्टेपनी म्हणून ठेवायला दुकानदार सांगतोय. ठेवू का?

डेपो_निवृत्त
भेगा पडलेला टायर गाडीखाली टांगून काय मिळणार? बहुतेक स्टेपनी पण २०१९ चीच असेल, तिचाही आकडा वाचा. पाचवा टायर त्याच मॉडेलचा घ्या आणि डिस्क सारखी असेल तर अदलाबदलीत त्यालाही फिरवा. नवे आहेत तोवर पहिले काही शे किलोमीटर ब्रेक आणि वळण जपून. साच्यातून निघालेल्या टायरवर तेलकट थर असतो, तो झिजेपर्यंत ओल्यात पूर्ण पकड येत नाही.

जनावरांची_डॉक्टर
आणि स्टेपनी खाली उतरवायचा स्क्रू पावसाळ्याआधी एकदा फिरवून, तेल सोडून ठेवा. गाडीखाली चिखल बसून तो गंजतो. मी एका शेतकऱ्याच्या गोठ्यासमोर तासभर तोच सोडवत बसले होते, गाय तोवर व्यायली.

फुलेवाडी_नाका
पाचवा टायर उद्याच सांगतो. स्क्रू आत्ता जाऊन बघतो.